गीझर आणण्याआधी घराचं वीजबिल वाचा

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

मी बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. माझ्याकडं अकरा गट आहेत. मी वीजतंत्री नाही, बीए झालेय आणि तेही इतिहास घेऊन. त्यामुळं आज मी जे सांगणार आहे ते पुस्तकातलं कमी आणि हात पोळल्यावर शिकलेलं जास्त आहे.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या एका बैठकीत आमच्या गटातल्या एका थोरल्या सभासदानं कर्ज मागितलं. तिला आम्ही सगळ्या अक्काच म्हणतो. कर्जाची कारणं दोन होती. एक घरघंटी घ्यायची होती. गावातली गिरणी दोन किलोमीटरवर, आणि अक्काच्या वस्तीवर वीसेक घरं. दळणाचे चार पैसे सुटतील, हा हिशोब बरोबरच होता. दुसरं कारण गीझर. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, पौषाच्या थंडीत. बाळाच्या आंघोळीला, बाळंतिणीच्या शेकाला पहाटे गरम पाणी लागणार. अक्काचे गुडघे गेलेले, बंबात लाकडं घालायला तिला खाली बसवत नाही.

सगळ्या जणींनी एका सुरात मंजूर म्हटलं. अक्काची परतफेड कधी एक दिवस चुकलेली नाही. सचिवानं वहीत लिहायला घेतलं आणि मी म्हटलं, "अक्का, वीजबिल आणलंय का?"

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. एक जण तर बोललीच, "बाई, बिल भरतीय ती वेळच्या वेळी. तुला कशाला दाखवायचं?" दुसरी म्हणाली, "शिकलेल्या बायांचं हे असंच असतं, चांगल्या कामाला खोडा." मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मी बिल का मागितलं ते सांगायचं तर माझ्याच घरची गोष्ट सांगावी लागणार होती, आणि ती मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती. त्या दिवशी सांगितली. आज तुम्हालाही सांगते.

चार वर्षांमागं मी माझ्या मानधनातून पैसे साठवून तीन लिटरचा, लगेच पाणी तापवणारा गीझर आणला. दुकानदारानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आमच्या घराची वायरिंग सासऱ्यांच्या वेळची. लाकडी पट्टीवरून गेलेली बारीक वायर, लाकडी बोर्ड, आणि मीटरजवळ चिनी मातीचा फ्यूज, ज्याला आपल्याकडं किटकॅट म्हणतात. न्हाणीत बल्बाचं एक बटण आणि शेजारी एक लहान प्लग होता. गीझरची पिन मोठी, ती त्यात बसेना. मग एक जोडपिन आणून बसवली. पहिल्याच दिवशी फ्यूज उडाला. तार घातली, परत उडाला. तिसऱ्यांदा आमच्या ह्यांच्या ओळखीचा एक पोरगा आला, त्यानं फ्यूजमध्ये तांब्याच्या तारेचे चार पदर पिळून घातले आणि म्हणाला, "वहिनी, आता उडायचं नाव घेणार नाही." खरंच घेतलं नाही. आम्ही त्याला चहा पाजला.

मैत्रिणींनो, फ्यूज उडतो म्हणजे तो आपलं काम करतोय. वायरीत जास्त करंट शिरला की वायर तापते. घराची वायर जळायच्या आधी फ्यूजची बारीक तार वितळावी आणि लाइट जावी, यासाठीच तो बसवलेला असतो. आम्ही त्या राखणदाराला दोरीनं बांधून ठेवलं. मग वितळायची पाळी कुणाची? भिंतीवरच्या वायरीची.

दोन-तीन महिन्यांत न्हाणीतला प्लग पिवळा पडला, मग तपकिरी झाला. जळक्या प्लॅस्टिकचा वास यायचा. मी म्हणायचे, नवीन वस्तू आहे, येत असेल. बघा माझं शिक्षण.

पण खरी गोष्ट पुढच्या हिवाळ्यातली. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, म्हणायला लागल्या, "हाताला मुंग्या येतात." वय सत्तरीचं. आम्हाला वाटलं, वयानं नसा कमजोर झाल्या असतील. तालुक्याला दवाखान्यात नेलं, साखर तपासली, गोळ्या आणल्या. महिनाभर त्या गोळ्या खात होत्या. एक दिवस त्या सहज म्हणाल्या, "अगं, नुसत्या आंघोळीच्या वेळीच येतात बघ. नळाला हात लावला की." माझ्या पोटात गोळा आला. महावितरणचा वायरमन खांबावर कामाला आला होता, त्याला हाक मारली. गीझर चालू असताना त्यानं टेस्टर नळाला लावला आणि टेस्टर पेटला. नळातच करंट होता.

आमचं बोअरचं पाणी क्षाराचं. भांड्याला पांढरा थर बसतो तसा गीझरच्या आतल्या कॉइलवर बसतो, कॉइलचं वरचं आवरण फुटतं, आणि करंट पाण्यात आणि पत्र्यात उतरतो. अर्थिंग असतं तर तो जमिनीत निघून गेला असता. आमच्या प्लगला तिसरं भोक होतं, पण मागून त्याला वायरच नव्हती. भोक शोभेचं. त्यामुळं करंट जमिनीत जायला वाट शोधत होता, आणि ती वाट आमच्या आत्यांच्या ओल्या अंगातून जात होती. त्या लाकडी पाटावर बसून आंघोळ करायच्या म्हणून वाचल्या, असं वायरमन म्हणाला. फरशीवर बसल्या असत्या तर काय, ते मी अजून मनात आणत नाही.

हे सगळं बैठकीत सांगितलं तेव्हा कुणी बोललं नाही. अक्कानं कनवटीला खोचलेली किल्ली काढली, नातवाला घरी पिटाळलं आणि बिल मागवलं.

आता ते बिल कसं वाचायचं ते सांगते. आपण बिलात फक्त रक्कम आणि शेवटची तारीख बघतो. पण त्यावर 'मंजूर भार' असं लिहिलेलं असतं आणि पुढं किलोवॅटमध्ये आकडा असतो. वीज कंपनीशी आपला जो करार झाला, त्यात आपण एका वेळी किती वीज ओढणार असं सांगितलं होतं, तो हा आकडा. अक्काच्या बिलावर होता 1 किलोवॅट, म्हणजे 1000 वॅट. कनेक्शन घेतलं तेव्हा घरात तीन बल्ब आणि एक टीव्ही होता, तेव्हा तो भरपूर होता.

इथं एक गोंधळ सगळ्या जणींचा होतो, माझाही व्हायचा. युनिट वेगळं आणि लोड वेगळा. नळाच्या पाण्याचं उदाहरण घ्या. दिवसभरात तुम्ही किती हंडे भरले, ते झालं युनिट. एका वेळी नळाची धार किती जाड, तो झाला लोड. बारीक नळानंही दिवसभरात टाकी भरते. पण चार जणी एकाच बारीक नळावर एका वेळी मोटर लावायला लागल्या तर काय होईल? पाइपचं पाणी तुटतं. वायरीचं पाणी तुटत नाही, वायर गरम होते. आणि करंट दुप्पट झाला तर वायरीतली उष्णता दुप्पट नाही, चौपट होते. म्हणून थोडंसं जास्त ओढलं तर काय बिघडलं, असं म्हणायची सोय नाही.

मग आम्ही बैठकीतच अक्काच्या घरातल्या वस्तूंची यादी केली. प्रत्येक वस्तूच्या मागं किंवा बुडाला छोटी पट्टी असते, तिच्यावर वॅट छापलेले असतात. ज्यांचे माहीत नव्हते ते अंदाजानं धरले. एलईडी बल्ब सहा, प्रत्येकी 9 वॅट, म्हणजे 54. पंखे दोन, 75 प्रमाणं 150. टीव्ही 80. फ्रिज 150. एवढंच 434 झालं. मिक्सर 500. पाणी चढवायची अर्ध्या एचपीची मोटर, तिचे साधारण 500. हे मिळून 1434. म्हणजे नवीन काही आणायच्या आधीच, सकाळी मोटर आणि मिक्सर एका वेळी लागला की अक्का मंजूर भाराच्या वर जात होती. "म्हणूनच मिक्सर लावला की दिवा बारीक होतो काय गं?" अक्कानं विचारलं. बल्ब मिणमिणतो त्याला खांबावरची, डीपीवरची कारणंही असतात. पण आपल्याच घरात काही जड वस्तू लावल्यावर तेवढ्यापुरता दिवा मंद होत असेल, तर बारीक वायर किंवा ढिला जोड कुठंतरी आहे, हे समजून तपासून घ्यावं.

आता यात घरघंटी. घरघंटीला साधारण 1 एचपीची मोटर असते. 1 एचपी म्हणजे 746 वॅट, पण तेवढं काम करायला मोटर त्याहून जास्त वीज ओढते, म्हणून आपण 1000 धरावेत. शिवाय कोणतीही मोटर सुरू होताना क्षणभर कितीतरी पट करंट खेचते. आणि गीझर? साठवणीचा 15 लिटरचा गीझर साधारण 2000 वॅटचा. मी आणला होता तो तीन लिटरचा, पण 3000 वॅटचा. टाकी लहान तर वीज कमी, असं मला वाटलं होतं. उलट आहे. त्याला चालत्या नळाचं पाणी तापवायचं असतं, म्हणून तो एका वेळी जास्त ओढतो. एक बादली पाणी तापवायला युनिट दोन्हीकडं जवळपास सारखंच लागतं, पण धार जाड लागते. जुन्या वायरिंगच्या घरात हा फरक फार मोठा आहे.

सगळं मिळून अक्काचा आकडा आला 4434 वॅट. याचा करंट काढायचा तर वॅटला 230 नं भागायचं, कारण आपल्या घरात येणारी वीज 230 व्होल्टची असते. भागाकार आमच्या गटातल्या दहावीतल्या पोरीनं मोबाइलवर केला. 19 अँपिअरच्या वर. एकट्या गीझरचे पावणेनऊच्या आसपास. घरातला साधा लहान प्लग 6 अँपिअरचा असतो. मोठा, जाड पिनेचा, 16 अँपिअरचा. लहान प्लगात जोडपिन लावून गीझर चालवणं म्हणजे पावशेराच्या पिशवीत दीड पाव भरण्यासारखं आहे. बसतं, पण शिवण उसवते.

सगळ्या वस्तू एका वेळी कुठं चालतात, असं कुणीतरी म्हणालं, आणि ते खरं आहे. पण बाळंतिणीच्या घरातली पहाट आठवा. पाणी तापतंय, मोटर चालू आहे, कुणीतरी मिक्सरवर डिंकाच्या लाडवाचं वाटतंय, दिवे चालू, फ्रिज चालू. 3434 वॅट झालेच. त्यात वस्तीवरची बाई दळण घेऊन आली तर?

त्या बैठकीत आम्ही कर्ज नाकारलं नाही. कर्जाची विभागणी बदलली. आधी वायरिंग, मग घरघंटी आणि गीझर. अक्काचा मुलगा चिडला. म्हणाला, "भिंतीत पैसे घालून काय दिसणार? मशीन तरी दिसतं." त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. वायरिंगला आठ हजाराच्या आसपास खर्च येणार होता आणि त्यातून एक रुपयाही मिळणार नव्हता. अक्का त्याला एवढंच म्हणाली, "तुझी बहीण बाळ घेऊन त्या न्हाणीत बसणार हाय." मग तोच परवाना असलेला वीजतंत्री शोधायला तालुक्याला गेला.

परवाना विचारायला लाजू नका. "दादा, तुमच्याकडं लायसन्स आहे का?" एवढंच विचारायचं. लोडवाढीच्या अर्जाला परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो, त्यामुळं तसाही तो लागणारच. लोडवाढीचा अर्ज महावितरणच्या शाखा कार्यालयात देता येतो, ऑनलाइनही होतो. किती पैसे भरायचे ते तिथूनच समजून घ्या, पावती घ्या, मधल्या माणसाच्या हातात रोख देऊ नका. घरघंटीवर दुसऱ्यांचं दळण घेणार असाल तर तेही कार्यालयात स्पष्ट सांगा आणि कोणता दर लागेल ते विचारा. लपवून केलं की पुढं दंडाची भीती मनात घेऊन दळावं लागतं.

वीजतंत्र्यानं काय केलं ते थोडक्यात सांगते, म्हणजे तुमच्याकडं कुणी आला तर काय बघायचं ते कळेल. मीटरपासून आत येणारी जुनी अॅल्युमिनियमची वायर काढून जाड तांब्याची घातली. गीझरसाठी बोर्डापासून थेट स्वतंत्र वायर ओढली, चार एमएमची, मध्ये कुठंही जोड नाही. घरघंटीला वेगळी अडीच एमएमची. दोन्हीला वेगवेगळा एमसीबी. एमसीबी म्हणजे आजकालचा फ्यूज, जास्त करंट झाला की खटका आपोआप खाली पडतो. तो सारखा पडायला लागला तर कारण शोधायचं. त्याच्या जागी मोठ्या आकड्याचा एमसीबी बसवून घ्यायचा नाही. तसं केलं तर माझ्या घरातल्या चार पदरी तारेत आणि त्यात काही फरक नाही. गीझरचं बटण न्हाणीच्या बाहेर, ओला हात पोचणार नाही तिथं.

आणि अर्थिंग. हे मी जरा सावकाश सांगते. पूर्वी पुष्कळ घरांत अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी पाइपला बांधलेली असायची. पाइप जमिनीत, म्हणून काम भागायचं. आता सगळीकडं प्लॅस्टिकचे पाइप आले. तार अजून पाइपलाच बांधलेली आहे, पण प्लॅस्टिकमधून करंट जात नाही. म्हणजे घरच्यांना वाटतं अर्थिंग आहे, आणि ते नाही. तुमच्या घरी असं आहे का ते आजच बघा. लांबूनच बघा, हात लावू नका. अक्काच्या मोरीच्या पाण्याजवळ खड्डा घेऊन, मीठ-कोळसा घालून नवीन अर्थिंग केलं. मोरीजवळ यासाठी की तिथली माती ओली राहते. आपल्या दुष्काळी भागात उन्हाळ्यात जमीन वाळते तेव्हा त्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतत जायचं.

तरी मी अक्काला आणखी एक वस्तू घ्यायलाच लावली, आरसीसीबी. हा एमसीबीसारखाच दिसतो पण काम वेगळं. माणसाचा जीव घ्यायला एक अँपिअरचा दहावा भागही पुरतो. 16 अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. तो वायर वाचवतो, माणूस नाही. आरसीसीबी 30 मिलिअँपिअरचा घ्यायचा. करंट जेवढा आत गेला तेवढा परत आला नाही, कुठंतरी अंगातून, पाण्यातून गळाला, की तो लगेच वीज तोडतो. त्यावर एक छोटं बटण असतं, टेस्ट लिहिलेलं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, लाइट गेली पाहिजे. अक्कानं याला अमावास्या ठरवून घेतलीय. मी म्हटलं, चालेल, विसरत नाही तोवर काहीही चालेल.

दोन गोष्टी जाता जाता. गीझर परवडत नाही म्हणून पुष्कळ जणी बादलीत हीटर सोडतात. पाणी तापलं का ते बघायला बोट घालायच्या आधी बटण बंद करा आणि पिनही काढा. लोखंडी, स्टीलच्या बादलीत हीटर टाकू नका. आणि लोडची कटकट नको म्हणून कुणी गॅस गीझर घेत असेल तर तो बंद न्हाणीत लावू नका. त्यातून विषारी वायू तयार होऊ शकतो, त्याला वास नसतो, आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो. तो बाहेर, मोकळ्या हवेत हवा.

घरघंटीबद्दलही एक राहिलं. संध्याकाळी सगळ्या गावात दिवे लागले की व्होल्टेज उतरतं. गीझर अशा वेळी नुसता सावकाश तापतो. मोटरचं तसं नाही. व्होल्टेज कमी झालं की ती जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. अक्का दळण सकाळी दहा ते बारा एवढ्याच वेळात घेते. तिनं दारावर खडूनं लिहून ठेवलंय. सुरुवातीला बाया कुरकुरल्या, आता वेळेवर येतात.

लेक बाळंत झाली, मुलगी झाली. मी बाराव्या दिवशी गेले होते. पहाटे साडेपाचला गीझर लावतात, पाणी तापलं की बटण बंद करून मगच बादली भरतात, आणि त्या वेळात घरात मोटर लावायची नाही असा अक्काचा हुकूम आहे. मुलगा मला दारातच म्हणाला, "ताई, ते खटक्याचं डबडं एकदा आपोआप पडलं." मी विचारलं, मग काय केलं? म्हणाला, "वीजतंत्र्याला फोन केला. मिक्सरच्या वायरीला उंदरानं कुरतडलं होतं."

आमच्या गटात आता कोणत्याही मशीनच्या कर्जाला अर्जाबरोबर चालू वीजबिल आणि घरातल्या वस्तूंची यादी जोडायची, असा ठराव केलाय. शेवया मशीन असो, पापड मशीन असो, डीप फ्रीझर असो. तुमच्या गटाला तो ठराव हवा असेल तर पुढच्या बैठकीला आम्ही नक्कल घेऊन येतो. येताना तुमचं बिल बरोबर आणा, चष्माही आणा, अक्षर बारीक असतं. आणि आज ऐकता ऐकता कुणाला नळाला मुंग्या आल्याचं आठवलं असेल तर बैठकीची वाट बघू नका. गीझरचं बटण बंद करा, कोरड्या हातानं पिन काढा, आणि वीजतंत्र्याला बोलवा. खांबाकडून काही बिघाड वाटला, वायर तुटून पडलेली दिसली, तर जवळ जाऊ नका, 1912 वर फोन करा.

आत्या बऱ्या आहेत. गोळ्या बंद केल्या. नवीन गीझर नीट बसवलाय, आरसीसीबी आहे, अर्थिंग आहे, सगळं आहे. पण त्या अजून लाकडी पाटावरच बसतात, आणि मी त्यांना काही म्हणत नाही.